विणलेल्या पायांवर हात

१२ ऑक्टोबर, रविवार

झालं ते क्रमाने लिहिते.

१. चर्चमधली उपासना संपली. लोक बाहेर मांडवात चहाला गेले.
२. आई बाहेर आली नाही. ती पुढे गेली, प्रभुभोजनाच्या मेजामागच्या भिंतीपाशी. तिथे उत्तम मेंढपाळाचं, म्हणजे येशूचं, विणलेलं चित्र टांगलेलं आहे.
३. तिने उजवा हात चित्रातल्या पायांवर ठेवला. मग कपाळाला लावला.
४. मंडळीचे वडील, म्हणजे कमिटीतले ज्येष्ठ, आबासाहेब वाघचौरे दारात उभे होते. ते म्हणाले, "इंद्रायणीबाई, इथे पाया पडत नाहीत."
५. आई म्हणाली, "व्हय." आणि पुन्हा हात ठेवला.
६. दुपारी पाळकांचा फोन आला. २ नोव्हेंबरच्या प्रभुभोजनात आईने भाग घेऊ नये, म्हणजे भाकर आणि प्याला घेऊ नये. आधी खुलासा व्हावा. चित्राचं काय करायचं तेही त्यानंतर.
७. ३ नोव्हेंबरला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.
८. चित्र मी केलेलं आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

गिरणीत दिवाळीची घाई. चादरींची नवी डिझाइनं आजच मागावर चढवायची होती. चढवली. डोकं कामात नव्हतं, तरी चूक झाली नाही.

चित्राची हकीकत एकदा लिहून ठेवते. पुढे कोणी वेगळी सांगितली तर माझा गोंधळ नको.

आमच्या चर्चच्या भिंती पहिल्यापासून कोऱ्या. क्रूस आहे, तोही साधा, लाकडी, त्यावर कोणी नाही. जूनमध्ये मेजामागच्या भिंतीला ओल धरली. वर्धापनदिन तोंडावर. ओल झाकायला काहीतरी लावू असं कमिटीत ठरलं. मी टेक्स्टाइलची, जॅकार्डची, म्हणजे विणीतच उमटणारी, डिझाइनं करते, म्हणून मला विचारलं. मी दोन पर्याय दिले — नुसतं वचन, किंवा कोकरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ. बहुमत मेंढपाळाला. आबासाहेब विरोधात.

ते तेव्हा म्हणाले, "आज चित्र. उद्या हार. परवा उदबत्ती."

मी म्हणाले, "काका, सोलापुरात चादरीला कोणी हार घालत नाही."

सगळे हसले. तेही हसले, पण एक अट घालून घेतली: कोणी चित्रापुढे भक्तिभाव दाखवला तर चित्र उतरवायचं आणि त्या व्यक्तीला समज द्यायची. अट मंजूर झाली. मीही हात वर केला होता.

हार कोणी घातला नाही. ते बरोबर निघालं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आईला विचारलं. ती मेथी निवडत होती — म्हणजे चाचपडत होती. डावा डोळा गेलाय. उजव्याला नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आहे ते वाचवण्यासाठी. गेलेलं येणार नाही. आहे ते राहीलच असंही नाही.

मी: हात का लावलास?
ती: लावला.
मी: काही मागत होतीस का? डोळ्यासाठी?
ती: न्हाय बा. डोळ्याचं डॉक्टरला मागितलंय की.
मी: मग?
ती: तू परीक्षेला जाताना माज्या पाया पडायचीस. काय मागायचीस?
मी: ते वेगळं. तू जिवंत आहेस.
ती: आन् त्यो?

मी मेथी पुढे ओढली. मेथीतले दांडे तसेच राहिले होते, ते काढून टाकले.

आई वैरागकडची. शेतकऱ्याची मुलगी. पप्पांशी लग्न ठरलं तेव्हा बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. नाव बदल म्हणाले, ते बदललं नाही. आज तीस वर्षांनी बायकांच्या वर्गात कोणीतरी म्हणालंय म्हणे, "तिकडची सवय, जाते थोडीच." आई हे हसून सांगते. मला हसू येत नाही.

झोपायच्या आधी एवढंच म्हणाली — "ऑपरेशनच्या आदी एकदा भाकर घ्यायचीय मला, ऋतू. त्यो प्याला डोळ्यानं बघून घ्यायचाय. मंग काय बी हुंदे."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पाळकांकडे गेले होते. रेव्हरंड अनिमेष तोरणे. दोन वर्षं झाली त्यांना सोलापुरात. माणूस चांगला. भांडण दिसलं की आधी पाणी पितो.

पाणी पिऊन म्हणाले, "ऋतुजाताई, मला आईंना थांबवायचं नाही. पण अट लेखी आहे, आणि आबासाहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी सोडून दिलं तर उद्या म्हणतील, पाळकांना मूर्ती करू नको ही दुसरी आज्ञाच पाठ नाही."

मी म्हणाले, आई मूर्तिपूजक नाही.

"मला माहीत आहे. पण हात पायांवर, मग कपाळाला — हे काय होतं, ते मी मंडळीला कसं सांगू? काही वेगळं स्पष्टीकरण असेल तर द्या. मी ते उचलून धरतो."

परत येताना रिक्षात सुचलं. आईला दिसत नाही. जॅकार्डच्या कापडात आकृती जमिनीपेक्षा, म्हणजे मागच्या सपाट विणीपेक्षा, किंचित उचललेली असते. म्हणजे ती हाताने बघत होती. नमस्कार नव्हे. बघणं!

सोपं आहे. आधी कसं सुचलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

निवेदन दिलं. एक पान. दृष्टीचा डॉक्टरांचा अहवाल जोडला. कापडाची रचना समजावली. "त्या बोटांनी चित्र पाहत होत्या" असं लिहिलं. कपाळाला हात गेला त्याचं: "चष्मा सारखा करण्यासाठी असू शकतो."

"असू शकतो" मी ऑफिसच्या रिपोर्टात कधी लिहीत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

पाळक खूश. मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार उत्तम झालं. कमिटीतल्या बहुतेकांना पटलंय. आता आईंनी २ तारखेला उपासनेआधी एवढंच म्हणावं — 'मी पाया पडले नव्हते, मी फक्त बघत होते.' एक वाक्य. मग मेजाशी यावं. चित्रही राहील."

एक वाक्य.

आईला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन. ती आज मागच्या बाकावर बसली आणि चित्राकडे गेली नाही. मी सांगितलं होतं जाऊ नको म्हणून. "बरं," म्हणाली. लहान मुलीसारखी बाकावर हात दाबून बसली होती.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. गिरणी बंद. शुक्रवार पेठेत सकाळपासून फटाके.

आबासाहेब आले. आईसाठी पपई घेऊन. भांडायला माणूस पपई आणत नाही, पण आबासाहेब आणतात. शाळेचे मुख्याध्यापक होते, अजून तसेच बसतात, खुर्चीच्या काठावर.

शेजारच्या बजाबाईंनी फराळ दिला होता. आईने ताट पुढे केलं.

"नैवेद्य दाखवलेला नाही ना?" आबासाहेब.

"करंजीला इचारते," आई म्हणाली.

ते हसले. चकली घेतली. करंजी नाही.

मग माझ्याकडे वळले. "तुझं निवेदन वाचलं. मुद्देसूद आहे."

मी: धन्यवाद.

"मला इंद्रायणीबाईंशी वैर नाही, ऋतुजा. माझ्या आजोबांनी घरातला देव्हारा उचलून ओढ्यात सोडला. गावाने वाळीत टाकलं. आजीच्या बाळंतपणाला सुईण आली नाही. मूल गेलं. माझे थोरले चुलते असते ते. एवढी किंमत मोजून कोरी भिंत मिळाली आम्हाला. तुम्हा लोकांना ती रिकामी वाटते."

आईने ताट आत नेलं. 

"मोशेने पितळेचा साप केला तो देवाच्याच सांगण्यावरून. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले. एका राजाने तो फोडला. चुकला का राजा?"

"नाही."

आई आतून म्हणाली, "पर त्या सापाकडं बघून साप चावलेली लोकं वाचली व्हती की, आबासाहेब."

"वाचली होती," ते म्हणाले. "म्हणून तर फोडताना हात थरथरला असेल."

जायला उठले. चपला घालताना, माझ्याकडे न बघता — "तू टेक्निकल शिकलेली. ते बोटांनी दिसतं म्हणतेस, ते तपासून पाहिलंस?"

२३ ऑक्टोबर, गुरुवार

नाही. तपासलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

गिरणी सुरू झाली. चित्राचा पहिला तुकडा, जो रंग चुकल्यामुळे बाद केला होता, तो शोधायला गेले. बाद कापडाचे तुकडे पाडून मशीनचं तेल पुसायला वापरतात. तो तुकडा पोत्यात नव्हता. मागावरचा गुरप्पा, ज्याने तो विणला, त्याने कपाटावर गुंडाळून ठेवला होता.

"पुसायला का घेतला नाही?"

"तोंड हाय की मॅडम त्याला. तोंडानं तेल कसं पुसायचं?"

"बाद माल आहे, गुरप्पा. तुकडे कर. मला चेहऱ्याचा एक हवाय, घरी न्यायला."

"तुमीच करा मग. तुमचा देव हाय."

कात्री घेतली. हातभर तुकडा पुरेसा होता. चेहऱ्याच्या कडेवरून सरळ गेले असते तर कापड वाचलं असतं, पण मी कडेने वळसा घेऊन कापलं. नमुना अखंड असलेला बरा.

गुरप्पा बघत होता. "कात्री लई वळती तुमची," म्हणाला. "चादरीला तर सरळ जाती."

मी त्याला दुसऱ्या मागाचा धागा तुटलाय तो बघायला पाठवलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

चाचणी घेतली. स्वयंपाकघरात, ओट्यावर. तीन तुकडे, सारख्या मापाचे: मेंढपाळाचा चेहरा, चादरीचा गुलाब, चौकडी. आईच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली. प्रत्येक तुकडा क्रम बदलून अनेकदा दिला.

"हे काय खेळ हाय?"

"सांग फक्त."

तिने बोटं फिरवली. सावकाश. मन लावून. चेहऱ्याला ती दोनदा गुलाब म्हणाली, एकदा चौकडी, आणि शेवटी वैतागून, "पायपुसणं हाय." गुलाबाला म्हणाली, "ह्यो येशू असंल."

सगळं मिळून, योगायोगाने जेवढं बरोबर यावं तेवढंच आलं.

ओढणी सोडली. ती बोटं एकमेकांवर चोळत होती. "भाकऱ्या थापून थापून निबर झाली गं ही. तवा उचलला तरी चटका कळत न्हाय. कापड काय कळणार?"

तिची बोटं हातात घेऊन पाहिली. टोकाशी कातडी जाड, पिवळसर, गुळगुळीत. हे मला माहीत असायला हवं होतं. तीच बोटं रोज माझ्यासमोर भाकरी थापतात.

निवेदन खोटं आहे. मुद्दाम नव्हे, पण खोटं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज आईला सांगितलं. सगळं — निवेदन, पाळकांचं वाक्य, चाचणी कशासाठी होती ते.

आधी ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी म्हणायचं, मी बघत हुते."

"हो."

"पाया पडत न्हवते."

"हो. एक वाक्य, आई. कोणी उलटतपासणी घेणार नाही. आबासाहेबसुद्धा नाही. तू ते म्हणालीस की भाकर मिळते, प्याला मिळतो, चित्र राहतं. सोमवारी आपण दवाखान्यात."

"आन् मी पडत हुते की."

"ते तुला माहीत आहे. त्यांना नाही."

"ज्याची भाकर हाय त्याला?"

मी म्हणाले, तू हट्टी आहेस. म्हणाले, मी तुझ्यासाठी दहा दिवस हे करतेय. म्हणाले, ते कापड आहे, सुती, मी त्याचा धागा न् धागा ओळखते, त्या पायांत पाच रंगांचं सूत आहे आणि मागच्या बाजूला सगळे लोंबते धागे आहेत, त्यात काहीही नाही! आवाज चढला होता माझा. शेजारी ऐकू गेलं असणार.

ती शांत होती. "मला ठावं हाय कापड हाय. माज्यासमोर ह्या दोरीवर वाळत घातलं हुतंस की. मी कापडाच्या पाया पडले न्हाय, ऋतू. पर हात ठिवायला कुटंतरी जागा लागती. लगीन होऊन आले तवा समदी भित्ताडं कोरी. कुणाच्या पाया पडायचं कळंना. तुज्या पप्पाच्याच पडायची. त्यो म्हणायचा, माज्या नको पडू, मी साखर चोरून खातो."

मला हसू आलं. तिलाही. 

"भाकर न्हाय दिली तर न्हाय," ती म्हणाली. "मागं बसंन. पर खोटं बोलून घेतली तर ती नरड्याखाली उतरंल का गं?"

तिने चेहरा फिरवला. नळीतून बघणारा माणूस रडताना चेहरा पूर्ण फिरवतो, कारण समोरच्याला किती दिसतंय याचा त्याला अंदाज नसतो. मला सगळं दिसत होतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पाळकांचा मेसेज: "आईंची तयारी झाली ना?" उत्तर दिलेलं नाही.

आईची तयारी झालेली आहे. प्रश्न माझ्या तयारीचा आहे. मी गप्प राहिले तर निवेदन उभं राहतं, आणि ती रविवारी उठून ते सगळ्यांदेखत पाडणार. ती पाडणार, आणि भाकर जाणार तिची. निवेदन माझं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

एक शक्यता राहिली होती. टांगलेलं कापड ताणाने बदलतं. कदाचित भिंतीवर आकृती जास्त उठून येत असेल, आणि घरचा तुकडा मवाळ असेल. गिरणीतून जाडी मोजायचं यंत्र घेतलं. संध्याकाळी पाळकांच्या घरून किल्ली घेऊन चर्चमध्ये गेले. आत कोणी नव्हतं.

पायांवर मोजलं. बाजूच्या सपाट विणीवर मोजलं. फरक घरच्या तुकड्याइतकाच. बोटाला कळण्याजोगा नाही, आईच्या तर नाहीच. खालच्या कडेला पायांजवळचं सूत जरा काळवंडलंय. एका हाताने एवढं होत नाही. बरेच हात लागलेले आहेत — कोणाचे, ते मला माहीत नाही आणि विचारायचं नाही. पाहिलं गेलं ते फक्त आईला.

दहा मिनिटांचं काम होतं. किल्ली द्यायला उशीर झाला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पाळकांना आज दिलं, त्याची नक्कल. एक प्रत आबासाहेबांना.

आदरणीय पाळकसाहेब, सलाम.

१७ तारखेचं माझं निवेदन मी मागे घेते. ते तपासल्याशिवाय दिलं होतं. तपासल्यावर चूक निघालं. आईला बोटांनी चित्र ओळखता येत नाही. ती पाया पडत होती. तसं ती विचारलं तर सांगेल.

काल संध्याकाळी मोजमाप झाल्यावर मीही त्याच पायांवर हात ठेवला आणि कपाळाला लावला. मला कोणी पाहिलं नाही. माझी दृष्टी दोन्ही डोळ्यांना सहा-सहा आहे आणि मी चष्मा वापरत नाही.

तेव्हा जो निर्णय आईला, तोच मला लागू करावा. रविवारी आम्ही दोघींनी मेजाशी यायचं की मागे बसायचं, ते कृपया शनिवारी, १ नोव्हेंबरला संध्याकाळपर्यंत कळवा.

ऋतुजा शांतवन रणभिसे